छळ झाला नाही, मग गेले का?

काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगसमोर हेरिटेज वॉकची टोळी थांबली की एक वाक्य हमखास कानावर पडतं. जगात सगळीकडे ज्यूंचा छळ झाला, भारतात मात्र झाला नाही. ऐकणाऱ्यांचे चेहरे असे खुलतात, की छळ न करण्याच्या त्या कामात प्रत्येकाने थोडा हातभार लावला होता असं वाटावं. वाक्य खरं आहे. कोचीनला पोर्तुगीजांनी केलेला त्रास आणि १५२४ साली केरळातच क्रांगनूरला झालेला हल्ला सोडला, तर इथल्या राजांनी किंवा शेजाऱ्यांनी ज्यूंना ज्यू म्हणून मारलं, लुटलं, हाकललं, असं दाखवता येत नाही. तरीही मला हल्ली त्या वाक्याचा कंटाळा येतो. आपल्याला ते फार स्वस्तात पडलं आहे.

शिवाय ती निळी इमारत ज्यांनी बांधली, ते बगदादहून आलेले ज्यू. माझ्या ओळखीचे ज्यू मराठी बोलणारे. बेने इस्राएल. त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, दिवेकर, चेऊलकर. अलिबाग-पेणचा नकाशा उघडावा नि वाचत सुटावं.

माझगावला आम्ही राहायचो तिथे शेजारच्या बिऱ्हाडात असंच एक कुटुंब होतं. आमचंही गाव अलिबागकडचं, त्यामुळे आई आणि त्या घरातल्या काकू यांच्यात वालाच्या बिरड्यावरून कायम चढाओढ. काकूंकडे एका उपासाच्या दिवसाचं नावच बिरड्याचा सण होतं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा तो दिवस, उपास सुटायचा तो वालावर. आईला हे कळल्यावर तिने एवढंच विचारलं, "कडवे वाल ना?" जेरुसलेमबद्दल आमच्या घरात त्यापुढे फारशी चौकशी झाली नाही.

मासळीवाली दारात बसली की काकू सुरमई घ्यायच्या, पापलेट घ्यायच्या. कोलंबी नि खेकडे मात्र टोपलीतून त्यांच्याकडे बघत राहायचे. खवलं नसलेलं पाण्यातलं काही चालत नाही. मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही, हा दुसरा नियम. युरोपातल्या ज्यूंना या नियमापायी स्वयंपाकघरात केवढे सायास पडले असतील, पण कोकणात नारळ होता. रस्सा नारळाच्या दुधातला, नव्या वर्षाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला. शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षारसावर प्रार्थना म्हणायची, तर काळ्या मनुका भिजत घालून त्यांचं सरबत काढायचं. नवस फेडायचा तर मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. नवस एलियाहू हनबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, असं ही मंडळी मानतात. स्वर्गात जाता जाता प्रेषित कोकणात टेकला, ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याकडे पांडव नाही का प्रत्येक लेण्यात मुक्काम करून गेले!

त्यांच्या येण्याची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत असते. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांचे देह किनाऱ्यावर पुरले. हे कधी घडलं? समाज म्हणतो दोन हजार वर्षांपूर्वी. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली, उरलं ते थोडंच: मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता, खाण्याचे नियम, शनिवारची विश्रांती आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना.

पारशांच्या गोष्टीत राजा आहे, त्याचा दरबार आहे, दुधात साखर आहे आणि अटी आहेत. बेने इस्राएलांच्या गोष्टीत राजाच नाही. कोणी परवानगी मागितली नाही, कोणी दिली नाही. समुद्राने टाकलं तिथे ते राहिले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोकांनी नाव ठेवलं शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली आधीपासून होतेच, ते सोमवार तेली. संपला प्रश्न. गावाच्या लेखी एका जातीच्या दोन जाती झाल्या.

मला वाटतं, आपल्या सहिष्णुतेचं सगळं यंत्र इथे उघडं पडतं. आपल्याकडे वेगळं राहायला मुभा असते, फक्त त्या वेगळेपणाने जातीसारखं वागलं पाहिजे. आपला देव तुम्ही पुजा, आपल्यातच लग्नं करा, ठरलेला धंदा करा आणि उतरंडीत दाखवलेल्या पायरीवर बसा. तेल्याची पायरी काही मानाची नव्हती. सकाळी तेली समोर आला तर कपाळाला आठी घालणारा हा समाज. त्याने ज्यूंना छळलं नाही हे खरंच, पण त्यांना ज्यू म्हणून ओळखलं तरी कुठे होतं?

आणि मंडळी इथलं सगळंच शिकली. गोमांस सोडलं. विधवेचं लग्न नको म्हणू लागली. आपसात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट पडले. बाहेरच्या बायकांपासून झालेली संतती ते काळे, त्यांच्याशी रोटीबेटी नाही. ही फूट त्यांनी जेरुसलेमहून आणलेली नव्हती. काकूंना मी एकदा याबद्दल विचारलं, तर त्यांनी "ते जुनं झालं" म्हणत विषय वाटाण्यांच्या भावावर नेला.

अठराव्या शतकात ही माणसं मुंबईला येऊ लागली, तेव्हा घाणा सुटला. बरेचसे कंपनी सरकारच्या पलटणीत गेले. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, त्यातलेच एक अधिकारी. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. पुढची गोष्ट अशी सांगतात: कैद्यांना जात विचारली, यांनी 'बेने इस्राएल' सांगितलं, टिपूच्या आईने ऐकलं, ही तर कुराणात नाव असलेली माणसं म्हणून तिने रदबदली केली, जीव वाचला. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मांडवीला सिनेगॉग बांधलं, शआर हारहमीम, दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं. मग तिथे ठेवायला तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. सिनेगॉगला समाजातले लोक मशीदच म्हणत, ही जुनी मशीद. १८४३ साली जवळच दुसरी झाली ती नवी मशीद. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं, असं समाजात अभिमानाने सांगतात.

पलटणीतले चांगले दिवस फार टिकले नाहीत. १८५७ नंतर सैन्याची मांडणी जाती-जमातींच्या तुकड्यांवर होऊ लागली. स्वतःची तुकडी भरेल एवढी यांची संख्याच नव्हती. मग रेल्वे, पोस्ट, कस्टम, सरकारी कचेऱ्या. काकूंचे सासरे रेल्वेत, नवरा रेल्वेत. कारकून, शिक्षक, नर्स, हेड क्लार्क असा सगळा गोतावळा. पगार बेताचा, अक्षर सुरेख.

याच शहरात बगदादी ज्यूंची गोष्ट पार वेगळी. डेव्हिड ससून १८३२ साली बगदादच्या पाशाच्या जाचातून सुटून इथे आले. अफू, कापूस, गिरण्या. त्या पैशातून मुंबईला लायब्ररी मिळाली, भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग मिळालं, १८७५ साली गोदी मिळाली. सुरुवातीला ही मंडळी बेने इस्राएलांच्या मशिदीत प्रार्थनेला जायची. पुढे त्यांना शंका येऊ लागली, की हे साडी-धोतरातले, मराठी बोलणारे, सावळे लोक खरोखरचे ज्यू आहेत का. कब्रस्तानात आपल्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत हवी, अशी मागणी झाली. अर्थात शंकेच्या आड आणखी एक हिशेब होता. साहेबाने आपल्याला युरोपियनांच्या रांगेत बसवावं असं वाटत असेल, तर अलिबागचा भाऊबंद शेजारी उभा असणं अडचणीचं.

यावर बेने इस्राएलांनी केलं काय, तर अभ्यास. हिब्रू ते कोचीनच्या ज्यूंकडून शिकले होतेच, शिवाय जॉन विल्सनसारख्या ख्रिस्ती मिशनऱ्यांकडूनही. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. यांनी भाषा घेतली, नमस्कार केला आणि घरी गेले. धर्म बदलणारे फारच थोडे निघाले. मिशनऱ्यांचा इतका चोख उपयोग दुसऱ्या कोणी करून घेतला असेल असं वाटत नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगादेत चित्रं आहेत: साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या लाटताहेत, भाजताहेत. इजिप्तच्या गुलामीतून सुटण्याची गोष्ट, आणि चित्रात मात्र आपल्या आज्या. धर्मग्रंथ मराठी घरात शिरतो म्हणजे काय होतं, ते बघायचं असेल तर ही पानं बघावीत. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तनंही रचली. अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं आख्यान, साकी, दिंडी, ओवी सगळं यथासांग. हरिदासांचं कीर्तन ऐकून आलेल्या तरुणांना वाटलं, आपल्याही प्रेषितांना हे शोभेल. शोभलं.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे देणगीमुळे तिला सर एली कदूरी हे नाव मिळालं. ती माझगावातली शाळा आजही चालते आणि तिथली बहुसंख्य मुलं आता मुसलमान आहेत. याच किहीमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! लेखक तोवर केव्हाच गेले होते. त्याच १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळी नाक्याकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा, पण त्यांचं नाव टॅक्सीवाल्यांच्या तोंडी 'इमोजेस' असं एकजीव झालंय की ते माणसाचं आहे याचाही पत्ता लागू नये. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, डेव्हिड, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. एवढ्याशा समाजातून इतकी माणसं निघाली, असं म्हणण्याची पद्धत आहे, पण मला ती आवडत नाही. अल्पसंख्याकांनी सतत काहीतरी करून दाखवलं तरच त्यांचं इथे असणं वसूल होतं, असा काहीसा सूर त्यात लागतो. काकूंच्या नवऱ्याने रेल्वेत नोकरी केली, वेळेवर घरी आला, कॅरम खेळला आणि म्हातारा होऊन वारला. तेवढंही पुरे असायला हवं.

मग हे गेले का? चाळीसच्या दशकाच्या शेवटी बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. १९४८ साली इस्राएल झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक सगळे गेले. काकूंचे दोन भाऊ डिमोनाला गेले. हेरिटेज वॉकमध्ये याचं उत्तर 'मायभूमीची ओढ' असं मिळतं. ओढ होतीच, रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेम असलेल्या माणसाला ती असणारच. पण काकूंच्या तोंडून मी जे ऐकत आले त्यात ओढीपेक्षा हिशेब जास्त होता. इंग्रज गेले, नोकऱ्यांमधली जुनी ओळखदेख गेली. फाळणी झाली, धर्मावर माणसं कापली जातात हे सगळ्यांनी पाहिलं. यांना कोणी हात लावला नाही, पण भीती काय फक्त हात लागलेल्यालाच वाटते? आणि मुख्य म्हणजे लग्नं. समाज लहान, चार बरी घरं गेली की उरलेल्या मुलींना स्थळ कुठलं बघायचं? मग पाचवं घर जातं. चाळीत एक बिऱ्हाड गेलं की शनिवारी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत, ते जमत नाहीत म्हणून पुढचं बिऱ्हाड जातं. एखादा समाज असा आटून जायला कोणी वाईट वागावं लागत नाही.

तिकडे काय झालं, ते आपल्या त्या गोड वाक्याच्या पुढे कोणी सांगत नाही. पहिल्या लाटेत गेलेल्या काहींनी कामाधंद्यात रंगावरून डावललं जातंय म्हणून धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ साली एक तुकडी खरोखरच विमानाने मुंबईला परतली. दहा वर्षांनी तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला: बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याची वंशावळ तपासून घ्या. म्हणजे बगदादी मंडळींनी मुंबईत मागितलेली भिंत आता खुद्द वचनदत्त भूमीत. पुन्हा धरणं, मोर्चे. शेवटी १९६४ साली सरकारला जाहीर करावं लागलं, की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतही त्यांचे पूर्वज पश्चिम आशियातले आणि इथलेही निघाले. काकूंना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? आजीने सांगितलंच होतं."

भाऊ मात्र टिकले तिकडे. आता डिमोना, अशदोद, बीरशेबा, लोद इथे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती आहे, 'मायबोली' नावाचं त्रैमासिक निघत आलंय, महाराष्ट्र दिन साजरा होतो. इथे असताना ही माणसं ज्यू होती. तिथे जाऊन ती भारतीय झाली.

२०११ च्या जनगणनेत भारतभरात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर ते अर्जावर 'इतर' होते. अल्पसंख्याक ठरण्याइतकीसुद्धा ज्यांची संख्या नव्हती, त्यांना दर्जा मिळाला तो बहुतेक जण निघून गेल्यावर. आता मुंबईपेक्षा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये सणासुदीला जास्त गर्दी असते, कारण उमरखाडी, माझगाव, भायखळ्याची घरं विकून लोक तिकडे गेले. २००८ साली नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून सिनेगॉगांबाहेर पोलीस बसलेले असतात. नरिमन हाऊसचे लोक परदेशातून आलेले होते, बेने इस्राएल नव्हते, पण दारावरचा पहारा सगळ्यांच्याच वाट्याला आला.

म्हणून म्हणते, ज्यूंशी आपण नीट वागलो हे आपल्या मोठ्या मनाचं प्रमाणपत्र म्हणून मिरवू नये. ते थोडे होते. त्यांनी राखीव मतदारसंघासाठी देश हलवला नाही, मिरवणुकीचा रस्ता मागितला नाही, त्यांच्या संख्येची भीती घालून कोणाला निवडणूक जिंकता येत नव्हती. अशा शेजाऱ्याशी चांगलं वागायला फार काही लागत नाही. परीक्षा होते ती संख्येने मोठ्या शेजाऱ्यापाशी, ज्याचा आवाज ऐकू येतो, जो काही मागतो. ती परीक्षा १९९२-९३ साली याच शहरात झाली आणि तिचा निकाल आपल्याला माहीत आहे. डोंगरी, माझगाव, भायखळा, म्हणजे ज्या गल्ल्यांमध्ये ज्यू शतकभर मुसलमानांच्या शेजारी राहिले, त्याच गल्ल्यांमध्ये.

काकूंच्या मुलाने मागे ठाण्यात भाड्याने घर घेतलं. ब्रोकरने फोनवर आडनाव ऐकलं, शेवटी 'कर', खूश झाला. घर दाखवायला आला तेव्हा पहिलं नाव कळलं, जरा थबकला. ख्रिश्चन का? नाही, ज्यू. म्हणजे नक्की कोण, हे काही त्याला समजेना. मग त्याने मुद्द्याचं विचारलं, "पण मुस्लिम नाही ना? सोसायटीत चालत नाही." हा म्हणाला, नाही. चावी मिळाली.

त्याने हसत हसत हे घरी सांगितलं आणि काकू भडकल्या. आयुष्यभर ज्या बायकांशी जिन्यात बसून लसूण सोलली, ईदच्या शीरखुर्म्याची भांडी चिकाचा हलवा घालून परत केली, त्यांची नावं घेऊन भडकल्या. नुसतं नाही कसं म्हणालास, म्हणे. तुला काय करायचंय असं का नाही विचारलंस त्याला? मी तिथेच बसले होते. तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, डिपॉझिट भरून झालंय."